खाज बंडूची, धडा माझा

स्मरणिकेच्या संपादकांनी लेख मागितला, तेव्हा त्यांच्या मनात लसीकरण किंवा बालदमा असा एखादा विषय असणार. पंचवीस वर्षे मुलांचे कान, घसा आणि छाती तपासण्यात गेलेल्या बाईकडून दुसरी काय अपेक्षा करायची? मी मात्र आमच्या कुत्र्याच्या खाजेवर लिहीन म्हटले. संपादक क्षणभर गप्प झाले, आणि मग म्हणाले, "लिहा, पण कुणी हसले तर जबाबदारी तुमची." ती जबाबदारी पत्करून हा लेख लिहीत आहे. हसण्यासारखे त्यात थोडे आहे. पण एका डॉक्टरने आपल्याच घरात केलेली एक चूकही आहे, आणि ती समव्यवसायी मित्रांपुढे मांडावी असे बरेच दिवस मनात होते.

बंडू हा आमचा लॅब्रॅडॉर. २०१७ च्या उन्हाळ्यात तो बडोद्याच्या आमच्या घरी आला आणि पहिले वर्ष अगदी सुखात गेले. २०१८ च्या पावसाळ्यात त्याने पाय चाटायला सुरुवात केली. दिवसा ते फारसे लक्षात येत नसे. रात्री घर निजले की अंधारात तो चप्-चप् आवाज सुरू होई आणि तासभर थांबत नसे. बोटांच्या बेचक्या लाल झाल्या, लाळेने पंजाचे पांढुरके केस तांबूस पडले, कान आतून तापलेले आणि वास येणारे. शेपटीच्या मुळाशीही तो अधूनमधून दातांनी कुरतडत असे. दिवाळीच्या सुमारास सारे आपोआप निवळले. पुढच्या पावसाळ्यात ते दुपटीने परतले.

निदान करायला मला दोन मिनिटेही लागली नाहीत. कोवळे वय, ऋतूनुसार येणारी खाज, पाय, कान, काखा, पोट. असा इसब मी रोज दहा मुलांत पाहते. हा अटोपिक आहे, असे मी घरात जाहीर केले. आधी सेटिरिझिन दिले. त्याने बंडूला किंचित झोप आली, खाज होती तिथेच राहिली. कुत्र्यांच्या ॲलर्जीत हिस्टामिनविरोधी औषधांचा उपयोग बेताचाच असतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. मग मी कपाटातून प्रेडनिसोलोन काढले. तीस किलो वजन, किलोमागे अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे रोज पंधरा मिलिग्रॅम. वजनावर मात्रा काढणे हा तर आम्हा बालरोगतज्ज्ञांचा हातखंडा.

दुसऱ्या रात्री घरात शांतता होती. माझे यजमान शल्यविशारद आहेत आणि सहसा कुणाचे कौतुक करीत नाहीत, तेही म्हणाले, "काम झाले." पाच दिवसांनी गोळी थांबवली, आठव्या दिवशी खाज परतली. पुन्हा गोळी, पुन्हा शांतता. जुलै ते नोव्हेंबर २०१९ असा हा खेळ चालला. मध्ये मध्ये मी "कमी करते आहे" असे स्वतःला सांगत होते. प्रत्यक्षात गोळी अशी पंधरा दिवससुद्धा सलग बंद राहिली नाही.

पहिली शंका घेतली ती आमच्या सासूबाईंनी. त्यांचे वैद्यकीय शिक्षण कडुलिंबाचा पाला आणि हळद यापुढे गेलेले नाही. एका दुपारी त्या म्हणाल्या, "अगं, हा फार पाणी पितो बघ. मी दिवसातून चार वेळा भांडे भरते. आणि रात्री अंगणात सोडा म्हणून दाराशी उभा राहतो. खातोही अधाशासारखा, आणि पोट बघ कसे सुटलेय!" मी म्हणाले, "आई, तो लॅब्रॅडॉर आहे, ते खातातच." हे उत्तर देताना माझ्यातील डॉक्टर कुठे गेली होती, कोण जाणे. कुणा मुलाच्या आजीने बाह्यरुग्ण विभागात हेच वाक्य उच्चारले असते, तर मी तत्काळ आधीच्या डॉक्टरांची चिठ्ठी मागितली असती. नोव्हेंबर संपता संपता बंडूच्या पोटाची कातडी कागदासारखी पातळ झाली, तिच्यावर काळे ठिपके उमटले. डोळ्यांभोवती आणि पुढच्या पायांवर केस गळून चट्टे पडले, त्यांत पुवाच्या बारीक पुटकुळ्या आल्या. तेव्हा कुठे आम्ही त्याला पशुवैद्यांकडे नेले.

त्या तरुण आहेत, माझ्या मुलीपेक्षा फार तर सहा-सात वर्षांनी मोठ्या. त्यांनी शांतपणे विचारले, "स्टेरॉइड किती दिवस चालू आहे?" मी म्हणाले, "तसे पाच महिने, मधून मधून." "कुणी लिहून दिले?" यावर मला उत्तर द्यायला थोडा वेळ लागला. मी मुलांची डॉक्टर आहे हे कळल्यावर त्या चिडल्या नाहीत, याचे मला अधिक वाईट वाटले. औषधाच्या दुकानातून स्टेरॉइडचे मलम आणून बाळाच्या तोंडाला सहा महिने चोळणाऱ्या आयांना मी काय काय बोलत आले आहे, ते सारे त्या पाच मिनिटांत मला आठवले.

त्यांनी बोथट पात्याने चट्ट्याची कातडी थोडी रक्त दिसेपर्यंत खरवडली, ती काचपट्टीवर तेलाच्या थेंबात घेतली आणि सूक्ष्मदर्शक माझ्याकडे वळवला. चिरुटासारख्या लांबट अंगाचे, पुढच्या भागात आखूड आठ पाय असलेले किडे मला स्पष्ट दिसले. डेमोडेक्स. हे किडे अल्प संख्येने निरोगी कुत्र्याच्या केसांच्या मुळाशी असतातच. पिल्लूपणी आईच्या अंगावरून ते येतात आणि शरीराची प्रतिकारशक्ती त्यांना हद्दीत ठेवते. माझ्या गोळ्यांनी ती हद्द पुसली होती. तहान, लघवी, सुटलेले पोट, पातळ कातडी हे सारे बाहेरून दिलेल्या स्टेरॉइडने झालेले कुशिंगचे चित्र होते. पाठ्यपुस्तकात असते तसे, फक्त रुग्णाला चार पाय होते.

पण खरा धक्का पुढेच होता. त्यांनी बारीक दातांचा कंगवा बंडूच्या कंबरेवरून फिरवला, निघालेला काळा कोंडा ओल्या पांढऱ्या कागदावर झटकला आणि थांबायला सांगितले. मिनिटभरात एकेका काळ्या कणाभोवती तांबूस डाग पसरला. ती पिसवांची विष्ठा होती, म्हणजे पचलेले रक्त. "आमच्याकडे पिसवा नाहीत" असे मी तपासणीच्या आरंभीच ठासून सांगितले होते. पिसू डोळ्यांना दिसली नाही म्हणजे ती नाही, हा समज डॉक्टरांच्या घरातही तितकाच पक्का असतो. ज्याला पिसवांच्या लाळेची ॲलर्जी आहे, त्याला खाज सुटायला थोडे चावेही पुरतात, आणि सतत चाटून-कुरतडून कुत्रा त्या पिसवा बहुधा स्वतःच गिळून टाकतो. घरातील पिसवांच्या एकूण पसाऱ्यात प्रौढ पिसवा जेमतेम पाच टक्के. बाकी अंडी, अळ्या आणि कोश सतरंजीत, सोफ्याच्या फटीत, फरशीच्या सांध्यात. कोश तर अनुकूल वेळेची महिनोन्‌महिने वाट पाहू शकतात.

शेपटीचे मूळ आणि कंबर ही पिसवांच्या ॲलर्जीची ठरलेली जागा आहे. अटोपीत खाज पाय, कान, तोंड, काखा, पोट येथे असते आणि कंबर बहुधा वाचते. क्लोद फाव्हरो यांनी २०१० साली कुत्र्यांच्या अटोपीचे जे निकष मांडले, त्यांत कंबर आणि कानांच्या कडा यांना खाज नसणे हेही मोजले जाते. बंडू शेपटीचे मूळ कुरतडतो हे मी पाहिले होते. माझ्या निदानात ते बसत नव्हते म्हणून मी ते वगळले. आपल्या व्यवसायात ही सवय नवी नाही.

पशुवैद्यबाईंनी मग आपला क्रम समजावून सांगितला. आधी परोपजीवी शोधायचे आणि संपवायचे: पिसवा, गोचीड, लूत आणणारे किडे. मग जंतू आणि यीस्ट: कातडीला चिकटपट्टी लावून, कानात कापूस फिरवून, रंग देऊन पाहायचे. कुत्र्यात हे मुख्यतः स्टॅफिलोकॉकस स्यूडइंटरमिडियस आणि मॅलासेझिया असतात, आणि दोन्ही मुळातल्या ॲलर्जीच्या खाजेवर आपली खाज चढवतात. त्यानंतर अन्न. आणि हे सारे बाजूला सारल्यावर जी खाज उरते, ती अटोपी. म्हणजे मी जिथून सुरुवात केली होती, तिथे त्या शेवटी पोहोचणार होत्या. अटोपीचे निदान रक्ताच्या एखाद्या तपासणीने होत नाही; तपासण्या उपयोगी पडतात त्या पुढे कशाची लस बनवायची हे ठरवायला.

स्टेरॉइड एकदम बंद करता येत नव्हते. बंडूच्या स्वतःच्या अधिवृक्क ग्रंथी तोवर सुस्तावलेल्या असणार. काही आठवड्यांत ते उतरवत नेले. त्या दिवसांत तो ज्या नजरेने माझ्याकडे पाही, ती मी विसरलेले नाही. खाज पूर्ण जोमाने परतली होती आणि मला देण्यासारखे काही नव्हते. आयसोक्साझोलिन वर्गातील गोळी सुरू झाली. या वर्गातील अफोक्सोलॅनर, फ्लुरालॅनर वगैरे औषधे पिसवा आणि गोचीड मारतात, डेमोडेक्स आणि लूतही आटोक्यात आणतात. ज्या कुत्र्याला आकडी येते, त्याला ती जपून द्यावी लागतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ साली तशी सूचना काढली होती. घरातील सगळ्या सतरंज्या धुतल्या, सोफा उन्हात टाकला, अंथरुणे गरम पाण्यात उकळली. महिन्यामहिन्याने कातडी खरवडून पाहणे चालू राहिले. फेब्रुवारी २०२० पर्यंत चट्टे भरले, कंबरेवरचे कुरतडणे थांबले. पाय चाटणे मात्र अर्धेअधिक उरले.

आता अन्नाची पाळी होती. कुत्र्यांना ज्या अन्नघटकांची ॲलर्जी आढळते, त्यांत गोमांस, दूध, कोंबडी आणि गहू हे अग्रस्थानी आहेत. आपल्या घरांतील कुत्रे दूधपोळी, दहीभात आणि उकडलेल्या कोंबडीवर वाढतात हे लक्षात घेतले, तर यादीतील तीन नावे रोजच्या ताटलीत असतात. रक्तातील आयजीई तपासून अन्नाची ॲलर्जी ठरवता येत नाही. मुलांच्या बाबतीतही निव्वळ त्या अहवालावरून मुलाचे जेवण तोडू नये, हे आम्ही पालकांना घसा कोरडा करून सांगत असतो. खरी परीक्षा एकच: आठ आठवडे ठरावीक अन्न आणि त्याखेरीज काहीही नाही. बंडूसाठी प्रथिनांचे अतिसूक्ष्म तुकडे केलेले कोरडे अन्न आले. गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या तान्ह्यांना आम्ही जी पूड लिहून देतो, तिचेच हे तत्त्व.

पहिला प्रयत्न तिसऱ्या आठवड्यात मोडला. फिरायला गेल्यावर कोपऱ्यावरचे काका त्याला रोज दोन बिस्किटे देत, आणि आमच्या घरात हे दोघांना ठाऊक होते. शिवाय सासूबाईंनी तुपाची पोळी "अगदी एवढीशी" दिली होती. एवढीशीने परीक्षा फुकट जाते. मुलांच्या आया जेव्हा "फक्त चाखायला दिले डॉक्टर" म्हणतात, तेव्हा मी रागावत असे. आता निदान आवाज चढवत नाही. मार्चमध्ये पुन्हा आरंभ केला आणि थोड्याच दिवसांत देशभर टाळेबंदी लागली. कुणाचे येणे नाही, काका नाहीत, पाहुण्यांची मिठाई नाही. त्या भयंकर दिवसांचा आमच्या घराला झालेला हा एकच लाभ: आठ आठवडे अक्षरशः निर्भेळ गेले. खाजेत फरक पडला नाही. नंतर जुने अन्न दिले, तरीही वाढ नाही. अन्न निर्दोष ठरले, आणि जून २०२० मध्ये, पहिल्या दिवशी केलेले माझे निदान पशुवैद्यबाईंनी नोंदवहीत लिहिले. त्यांनी ते कोणत्याही कुत्सितपणाशिवाय लिहिले, हे नमूद करायला हवे.

इतिहासाची एक गंमत मला या काळात वाचनात सापडली. शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसमध्ये समुद्रफुलाचे विष कुत्र्यांना टोचले. नेपच्यून नावाचा कुत्रा पहिल्या मात्रेतून बरा झाला. काही आठवड्यांनी तेवढेच विष पुन्हा दिल्यावर मिनिटांत गेला. यातून १९०२ साली ॲनाफिलॅक्सिस ही संज्ञा जन्मली आणि १९१३ साली रिशे यांना नोबेल मिळाले. आणि 'ॲलर्जी' हा शब्द १९०६ साली घडवला व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी, ते बालरोगतज्ज्ञ होते. आमच्या घरातील दोन्ही पक्षांचे पूर्वज असे या शास्त्राच्या उंबरठ्यावर भेटतात. त्यांतला एक पक्ष जिवाला मुकला, हेही खरे.

मुलांची आणि कुत्र्यांची अटोपी पुष्कळ सारखी आहे. कातडीची तटबंदी मुळात सच्छिद्र, तीतून धूळकिडे आणि परागकण आत शिरतात. फरक असा की, मुलांत इसबानंतर पुढे दमा, नाक वाहणे अशी वाटचाल दिसते. कुत्र्यांत सारे बहुधा कातडीवरच राहते. त्यांची कातडी आपल्याहून पातळ आणि कमी आम्ल असते, म्हणून आपला साबण किंवा लहान मुलांचा शाम्पू त्यांना योग्य नाही. फिनलंडमधील संशोधकांनी २०१८ साली असे दाखवले की, कुत्रा आणि मालक दोघांनाही ॲलर्जी असण्याचे प्रमाण शहरी राहणीत अधिक आढळते. ज्या मातीपासून आपण मुलांना जपतो, तिच्यापासून कुत्र्यालाही जपू लागलो आहोत.

खाज मेंदूपर्यंत पोहोचवणारा इंटरल्यूकिन-३१ हा संदेशवाहक अडवणारे इंजेक्शन कुत्र्यांसाठी माणसांच्या बरेच आधी बाजारात आले. माणसांसाठी त्याच मार्गावर काम करणारे नेमोलिझुमॅब अमेरिकेत अटोपिक इसबासाठी २०२४ च्या डिसेंबरात मान्य झाले. ओक्लॅसिटिनिब ही गोळी २०१३ पासून तिकडे आहे आणि आता आपल्याकडेही मिळते. वर्षाखालच्या पिल्लांना ती देत नाहीत, आणि डेमोडेक्स असताना ती टाळावी लागते. म्हणजे पुन्हा क्रम आला. बंडूला पावसाळ्याचे तीन-चार महिने ती पुरते.

माझ्या दवाखान्यात या प्रकरणाने एक प्रश्न वाढवला. तीनेक वर्षांपूर्वी सहा वर्षांच्या एका मुलीला तिची आई घेऊन आली. "साहेब, खंजवाळ बहु आवे छे," असे ती गुजरातीत म्हणाली. (बडोद्यात डॉक्टरीणबाईंनाही पुष्कळदा साहेबच म्हणतात.) हातांच्या आतल्या बाजूला आणि पोटावर लाल पुळ्या, दोन ठिकाणची ॲलर्जीची औषधे संपलेली. बोटांच्या बेचक्यांत खरजेची बिळे नव्हती. पूर्वी मी आणखी एक सिरप लिहिले असते. मी विचारले, "घरात कुत्रा आहे?" होता. पावसात रस्त्यावरून उचलून आणलेले पिल्लू, आणि मुलगी त्याला दिवसभर कुशीत घेऊन बसे. पिल्लाच्या कानांच्या कडा खपल्यांनी जाड झालेल्या होत्या, कोपरांवरचे केस गेले होते. ही खरी लूत, सार्कोप्टिस. कुत्र्याचा हा किडा माणसाच्या कातडीवर आपले जीवनचक्र पुरे करू शकत नाही, पण चावतो, आणि कुत्र्यावर असेपर्यंत पुन्हा पुन्हा येत राहतो. औषध मुलीला नव्हे, पिल्लाला हवे होते. वडिलांनी पिल्लू परत सोडून द्यायचे ठरवले होते. मुलगी तपासणीच्या टेबलावर त्यासाठीच रडत होती, खाजेसाठी नव्हे. मी त्यांना पशुवैद्यबाईंचा पत्ता दिला. सहा आठवड्यांनी ती मुलगी लसीसाठी आली, तेव्हा हात स्वच्छ होते, आणि पिल्लू बाहेर रिक्षात बसले होते.

"दमेकरी मूल आहे, कुत्रा काढून टाकू का?" हा प्रश्नही नेहमी येतो. मुलाला कुत्र्याचीच ॲलर्जी आहे असे सिद्ध झाले असेल आणि दमा आटोक्यात येत नसेल, तर तो कठीण सल्ला द्यावा लागतो. पण सरसकट नव्हे. स्वीडनमध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत पहिल्या वर्षी घरात कुत्रा असलेल्या मुलांत शाळेच्या वयात दमा थोडा कमी आढळला. त्यावरून कुणी दम्याचे औषध म्हणून पिल्लू आणू नये, एवढेच.

आणि घरातील औषधांच्या कपाटाविषयी. समव्यवसायी मित्रहो, धोका आपल्याच घरात अधिक आहे, कारण आपले कपाट भरलेले असते आणि हात सैल असतो. आयब्युप्रोफेनने कुत्र्याचे जठर आणि मूत्रपिंड जाऊ शकते, पॅरासिटामॉलही निरुपद्रवी नाही. सोरायसिसच्या मलमातील कॅल्सिपोट्रिऑल चाटण्यात आले तर जिवावर बेतते, आणि कुत्रा मलम चाटतोच. झायलिटॉल घातलेली साखरविरहित सिरपे अत्यंत विषारी. आयव्हरमेक्टिन कोली जातीच्या कित्येक कुत्र्यांना सोसत नाही, ते एका जनुकातील दोषामुळे. मात्रा वजनावर काढली म्हणून यांतले काहीच सुरक्षित होत नाही.

बंडू आता म्हातारपणाकडे झुकला आहे. फिरून आला की पाय साध्या पाण्याने धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, दरमहा पिसवांची गोळी, आणि पावसाळ्यात आठवड्याला क्लोरहेक्सिडिनच्या शाम्पूची अंघोळ. हा शाम्पू अंगावर दहा मिनिटे राहिला तरच काम करतो. इथेच सगळ्यांचा धीर सुटतो, आमचाही सुटे. त्यावर उपाय सासूबाईंनी काढला. त्या मोरीच्या दाराशी खुर्ची टाकून बसतात आणि फेस लावून झाला की सावकाश रामरक्षा म्हणू लागतात. ती संपेपर्यंत कुणी पाण्याला हात लावायचा नाही. बंडूलाही आता ते ठाऊक झाले आहे. शेवट जवळ आला की तो उठून उभा राहतो आणि नळाकडे पाहू लागतो.